फुटक्या कौलांखालचे भाडेकरू

२८ नोव्हेंबर

वन्सं,

नमस्कार. पत्रात विनंती विशेष असं लिहायची पद्धत असते. या वेळी विनंती खरोखरच विशेष आहे. फोन करता आला असता, पण फोनवर आपण दोघी एकाच वेळी बोलतो आणि मग एकाच वेळी गप्प बसतो. कागदावर निदान पाळीपाळीनं बोलू.

तुमच्या बंधुराजांनी कारखान्याच्या मागचं आवार रिकामं करायचं मनावर घेतलं आहे. तिथं नवी भट्टी यायची आहे. भट्टीतून वाकडी, तडकलेली निघालेली कौलं इतकी वर्षं सगळे तिथंच टाकत आले. आता त्यांचे माझ्या उंचीचे ढीग झालेत आणि ढिगांवर गवत वाढलंय. ती सगळी कौलं जानेवारीत उचलायची. उचलणार कोण, तर आमच्या कौलं वाहणाऱ्या बायका. हातांनी, एकेक करून.

गेल्या वर्षी याच आवारात मुकादमबाईंना साप चावला. कौलांच्या फटीत हात घातला, चटका बसला, हात बाहेर काढला. काय चावलं ते त्यांना दिसलंसुद्धा नाही. त्या वाचल्या, पण उजव्या हाताचं मधलं बोट पेरापाशी काढावं लागलं. पुढचं सगळं ड्रेसिंग मी केलं. रोज सकाळी दवाखान्यावरून जाताना त्या मला हात करतात, आणि करतात तो नेमका उजवा.

आता आवार सुरक्षित आहे असा दाखला दवाखान्यानं द्यायचा आहे, म्हणजे मीच. (कारखान्यात हेही मला सिस्टरच म्हणतात, आणि त्यावर हसायचं आता सगळ्यांनी सोडून दिलंय.) मुकादमबाईंनी यांना तोंडावर सांगितलं, ‘साहेब, कागद तुमच्याजवळ ठेवा. सिस्टर तोंडानं म्हणतील, तेव्हा आम्ही हात घालू.’ म्हणजे उद्या कुणाला चावलं, तर ते माझ्या शब्दामुळे चावलेलं असेल.

तुम्ही निवृत्त झाल्यापासून बेडूक आणि साप बघत रानं पालथी घालता, नवशिक्यांना घेऊन जाता. साप कुठं आहे ते कसं ओळखायचं आणि त्याला हाकलायचं कसं, एवढं दोन ओळींत कळवा. भाषण नको.

तुमची
भावजय


३ डिसेंबर

प्रिय भावजयबाई,

भाषण नको म्हणतेस, आणि विचारतेस मला. असो. तुझ्या दोन प्रश्नांपैकी एकच प्रश्न बरोबर आहे. हाकलायचं कसं, हा प्रश्न आधी सोडून दे. सगळं जग हाकलण्याच्या मागं लागलंय, आणि ज्याला आपण हाकलतो त्याला आपण कधी नीट पाहिलेलंच नसतं, हे माणसांच्या बाबतीतही इतकं खरं आहे की त्यावर मी तासभर बोलू शकते. बोलत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच: ज्याला शोधता येतं, त्यालाच टाळता येतं. तुझ्या बायकांचे हात वाचवायचे असतील तर तुला साप सापडायला हवा.

पण पहिल्या दिवशी सापाच्या मागं लागू नकोस. आधी बेडूक. माती भिजवायचं टाकं आहे ना तुमचं, त्याच्या ओल्या कडेला बेडूक असणारच. तिथं जा आणि उभी राहा. नवशिक्या माणसाची सगळ्यात मोठी चूक ही की तो चालतो. चालणाऱ्याला पळणारे प्राणी दिसतात, थांबणाऱ्याला बसलेले. डोळ्यांना जरा वेळ दे. दगडासारखा दिसणारा दगड आणि दगडासारखा दिसणारा बेडूक यांतला फरक घाईत कळत नाही. बेडूक जमले की भिंतीवरच्या उन्हात पाली, सरडे, सापसुरळ्या बघ. आणि मग साप. बेडूक जिथं आहेत तिथं त्यांना खाणारा फार लांब नसतो.

आता नियम. हे मी प्रत्येक तुकडीला सांगते आणि प्रत्येक तुकडीत एक शहाणा ते मोडतो. जिथं डोळा गेला नाही तिथं हात घालायचा नाही, पायही नाही. घोट्याच्या वर जाणारे बूट, जाड पँट. एकटीनं जायचं नाही, आणि कुठं जातोय ते मागं राहणाऱ्याला सांगून जायचं. नाव माहीत नाही तोवर प्रत्येक साप विषारी समजायचा, आणि मेलेला दिसला तरी हात लावायचा नाही. दिसला की मागं सरायचं, त्याच्या लांबीच्या दुपटीहून जवळ राहायचं नाही, त्याच्या आणि त्याच्या बिळाच्या मधे तर कधीच उभं राहायचं नाही. चावा बहुतेक वेळा कुणाला बसतो माहितीये? जो मारायला जातो किंवा पकडून दाखवायला जातो त्याला.

दगड किंवा कौल उचलायचं असेल तर आकड्यानं, आणि पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायची. म्हणजे ते कौल तुझ्या आणि आतल्याच्या मधे ढालीसारखं राहतं आणि त्याची वाट पलीकडे उघडते. लोक नेमकं उलट करतात. आपल्या पायाकडची कड वर करतात आणि सापाला सरळ आपल्या पायांचं निमंत्रण देतात. बघून झालं की कौल होतं तसं, त्याच खाचेत ठेवायचं. ते कुणाचं तरी छप्पर असतं. कुणाचं छप्पर उचलून बघितलं आणि तसंच उघडं टाकून निघून गेलं, तर त्याला मी कुतूहल म्हणत नाही.

आणखी एक. जुने पत्रे असतील तर ढिगांच्या पूर्वेला, गवतात आडवे टाकून ठेव आणि विसरून जा. थंडीत उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली सगळे येऊन बसतात. दोनतीन आठवड्यांनी सकाळी आकड्यानं उचलून बघ. आणि ढिगांभोवती बारीक मातीची धूळ असेल, ती संध्याकाळी झाडूनं सारखी करून ठेव. सकाळी ती धूळ तुला वर्तमानपत्रापेक्षा खरी बातमी देईल.

चावलंच कुणाला, तर कापायचं नाही, चोखायचं नाही,

तुझी
नणंद

ता. क. वरचं वाक्य मी मधेच तोडलं. हे मी कुणाला शिकवतेय ते लक्षात आलं.


१२ डिसेंबर

वन्सं,

नमस्कार. वाक्य तोडलंत ते बरं केलंत. घट्ट आवळून बांधायचंही नाही, माणसाला चालवायचं नाही, अंगठ्या-बांगड्या काढायच्या आणि लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. तेवढं खातं माझ्याकडे राहू द्या.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. यांनी एकदा वाचलं आणि म्हणाले, ताईनं पत्र्यांवरसुद्धा भाषण केलंय. पण पत्रे त्यांनीच काढून दिले, गोदामाच्या जुन्या छपराचे. मुकादमबाईंनी आणि मी मिळून टाकले. एकटीनं जायचं नाही हा नियम मी त्यांच्यावर सोडला. पत्रे टाकले की त्या ढिगापासून लांब जाऊन उभ्या राहतात आणि मला म्हणतात, तुम्ही बघा, मी तुमच्याकडे बघते.

त्यांना मी विचारलं, कसा होता हो तो. त्या म्हणाल्या, मनगटाएवढा जाड. दिसला नाही ना, विचारलं. तर म्हणाल्या, दिसला नाही म्हणून तर माहितीये.

टाक्याच्या कडेला मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा एकही बेडूक नव्हता. थांबायचं असतं हे आठवलं आणि थांबले. मग एका ढेकळाला डोळे आले. मग शेजारच्याला. वन्सं, मी या कारखान्यात इतकी वर्षं त्या टाक्यावरून रोज जाते. रोज ते मला बघत होते आणि मी त्यांना ढेकूळ समजत होते. पेशंटच्या रांगेत एखादा न बोलता बसून राहतो आणि शेवटी कळतं की सगळ्यात जास्त आजारी तोच होता, तसं वाटलं.

माझ्यात आता बराच आत्मविश्वास आलाय. सापसुरळी आणि सरडा मी लांबून ओळखते. एक बेडूक मी हातातही घेतला. काळजी नको, पूर्ण काळजी घेऊनच; ऑपरेशनच्या आधी धुतो तसे हात कोपरापर्यंत स्पिरिटनं धुतले आणि ते ओले असतानाच उचलला. पोटाखालचा रंग बघितला आणि ठेवला. तो मात्र उडी मारेना. पाय ताणून तसाच पडून राहिला. दुपारी बघितलं तर तिथंच होता, मेलेला. थंडीत त्यांच्यात एखादा रोग येतो का? टाक्याचं पाणी तपासायला पाठवू का?

तुमची
भावजय


१६ डिसेंबर

भावजयबाई,

पाणी तपासू नकोस. रोग तूच होतीस.

बेडूक कातडीनं पाणी पितो आणि कातडीनं श्वासही घेतो. त्याची कातडी हे त्याचं तोंडही आहे आणि नाकही. तू त्याच्या तोंडात आणि नाकात स्पिरिट ओतलंस. बेडकाला हात लावायचाच नसतो, आणि लावायचाच झाला तर त्याच्याच डबक्याच्या पाण्यानं ओला करून लावायचा. औषध, साबण, मलम, डासांचं तेल, काहीही हाताला नको. एका डबक्यातून दुसऱ्या डबक्याशी जाताना मात्र बूट घासून, धुऊन, वाळवायचे, कारण खरे रोग तसे पसरतात. म्हणजे जिथं धुवायचं तिथं नाही आणि जिथं धुवायचं नाही तिथं कोपरापर्यंत.

स्वच्छता हा तुमच्या धंद्याचा धर्म झालाय, आणि कुठल्याही धर्माचं होतं तेच तिचं झालंय. जिथं ती लागू नाही तिथंही तिचे अनुयायी बाटल्या घेऊन पोहोचतात. जंतू मारणं म्हणजे जीव वाचवणं असं तुम्हाला शिकवलं, आणि समोर जीव आहे की जंतू हे बघायचं राहून गेलं. तू हुशार आहेस, म्हणून जास्त राग आला. बिनडोक माणूस बेडूक दगडानं मारतो. शिकलेला काळजी घेऊन मारतो.

पुन्हा हात लावू नकोस. बघ फक्त.

नणंद


७ जानेवारी

आदरणीय वन्सं यांस,

नमस्कार. बरेच दिवस पत्र लिहिलं नाही. दवाखान्यात सर्दी-खोकल्याची रांग होती, आणि शिवाय माझे हात काळजीनं मारणारे आहेत हे कळल्यावर त्यांत पेन धरवेना.

काम मात्र पुरं केलं आहे. काल भर दुपारी, लख्ख उन्हात सगळ्या ढिगांची पाहणी केली, म्हणजे सावलीत काही लपून राहायला नको. सोबत दोन माणसं होती, पायांत बूट होते, हातात आकडा होता. आकड्यानं कौलं तुमच्या पद्धतीनं उचलली आणि परत तशीच ठेवली. कुठंही काही नाही. एक पालसुद्धा नाही. पाहणीच्या आधी आवार नीट व्हावं म्हणून यांनी परवा संपूर्ण पाळीची माणसं लावली होती. त्यांनी गवत कापलं, पत्रे गोळा करून गोदामात ठेवले, नळीनं सगळीकडे पाणी मारलं आणि फिनेल टाकलं. दवाखान्याच्या नियमात ते बसतंच.

दाखल्यावर आज सही केली. मुकादमबाईंनाही तोंडानं सांगितलं. सोमवारी सकाळी काम सुरू होईल. त्या म्हणाल्या, पहिला हात माझा.

आपल्या मदतीबद्दल आभारी आहे.

आपली
भावजय


९ जानेवारी

भावजयबाई,

तुझं पत्र आज दुपारी आलं आणि मी चष्मा न काढता फोनकडे धावले. तू डबा आणायला गेली होतीस. माझ्या धाकट्या भावानं उचलला. त्याला मी म्हटलं, सोमवारचं काम थांबव. तो म्हणाला, ताई, भट्टीचे गवंडी मंगळवारी येतायत. मी म्हटलं, दाखला कच्चा आहे. तो म्हणाला, बरं, सांगतो तिला. हे ‘बरं’ मी त्याच्या लहानपणापासून ऐकतेय; त्या शब्दानं आजवर एकही काम झालेलं नाही. आणि फोनवर आपण दोघी पुन्हा एकाच वेळी बोलू, म्हणून हे पत्र तुमच्याकडे माल भरायला येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय. तो शनिवारी पोचेल.

नीट ऐक. वासानं साप जात नाही. फिनेलनं तर नाहीच. पण पाळीभर माणसांच्या बुटांचे दणके, कोयते, पाण्याचा मारा, एवढं सगळं झाल्यावर ढिगातला शहाणा जीव काय करील? आत सरकेल. खोल, कोरड्या, दडपलेल्या जागी. तू दुसऱ्या दिवशी, ओल्या ढिगावर, भर दुपारी वरची कौलं उचललीस. पाल नाही म्हणालीस ना, तिथंच तू थांबायला हवं होतंस. कौलांच्या ढिगात पालसुद्धा नाही असं कधी होतं का? रिकामं घर आणि दार लावून श्वास रोखून बसलेलं घर बाहेरून सारखंच दिसतं.

न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. नवशिक्याला हे शिकायला सगळ्यात वेळ लागतो, आणि हे तुला आधी सांगायचं सोडून मी तुला तुमच्या धंद्यावर व्याख्यान दिलं. समोर सभागृह भरलेलं असलं की मला फार चढतं, आणि त्या पत्रासमोर तू एकटीच होतीस. त्या चार ओळी फाडून टाक, बाकीचं पत्र ठेव.

ढीग दोन दिवस शांत ठेव. कुणी फिरकायचं नाही. पाणी नाही, झाडू नाही. मग सकाळी, ऊन कोवळं असताना बघ. आणि सोमवारी कुणाचाही पहिला हात त्यात जाता कामा नये. माझं चुकलं असेल तर सगळ्या बायकांसमोर मला मूर्ख म्हण, मी येऊन ऐकून घेईन.

तुझी
नणंद


२० जानेवारी

वन्सं,

नमस्कार. सगळं क्रमानं सांगते.

यांनी तुमचा निरोप दिला होता. म्हणजे रात्रीच्या जेवणाला हसत हसत म्हणाले, ताईचा फोन होता, ती म्हणते सिस्टरचा दाखला कच्चा आहे. मी इतकी चिडले की दोघांशीही बोलले नाही. ज्या माणसानं पत्रे उचलून गोदामात ठेवले तो हसतोय, आणि ज्या बाईनं मला काळजीनं मारणारी म्हटलं ती आता माझी सही तपासतेय. शनिवारी ड्रायव्हरनं पत्र दिलं. ते मी रागानंच उघडलं.

त्यात तुम्ही पाण्याचा मारा लिहिलं होतंत. तिथं मी थांबले. दवाखान्यात कुणी थंड पाणी पिऊन आला आणि लगेच जिभेखाली थर्मामीटर ठेवलं, तर पारा खाली दिसतो. ताप असतो आणि दिसत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलींना मी यावरून किती बोलले असेन. आणि मी काय केलं? अख्ख्या आवाराला गार पाणी पाजलं, लगेच ताप घेतला आणि खाली सही केली. वन्सं, तुमचा एकही शब्द मला पटला नसता तरी हे मला पटलंच असतं. हे माझ्या धंद्यातलं आहे.

यांना मी रविवारी सांगितलं. ते म्हणाले, मग आता तू सगळ्यांसमोर काय सांगणार, माझी सही खोटी होती? मी म्हटलं, खोटी नव्हती, चुकली होती. ते म्हणाले, लोकांना तो फरक कळत नाही. मी म्हटलं, मग कळेल असं सांगते.

सोमवारी सकाळी बायका टोपल्या घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या. मुकादमबाई सगळ्यांत पुढं, पदर खोचून. मी म्हटलं, आवार सुरक्षित आहे असं मी गेल्या आठवड्यात म्हणाले होते. ते मी परत घेते. मी चुकीच्या वेळी बघितलं. मला अजून दोन सकाळी हव्यात.

मागून एकीनं विचारलं, आजची हजेरी लागणार का. हे माझ्याकडे बघत होते. घरी बघतात तसे नाही, साहेब बघतो तसे. मग म्हणाले, लागेल, आजच्या दिवस पुढच्या आवारात भरलेली कौलं मोजा. आणि जाताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, दोनच सकाळी हं, सिस्टर. गवंड्यांना मी तोवर दुसरं काम देतो.

मुकादमबाई मात्र हलल्या नाहीत. मला वाटलं, चिडल्या. त्या म्हणाल्या, डॉक्टर चुकले तर सांगत नाहीत, साहेब चुकले तर सांगत नाहीत. तुम्ही सांगितलंत, आता आम्ही थांबू.

त्या दिवशी आवारात कुणालाच जाऊ दिलं नाही. ढिगांभोवतीची माती तोवर वाळून पुन्हा धूळ झाली होती. संध्याकाळी ती मी बाहेरच्या बाजूनं झाडूनं सारखी करून ठेवली. मंगळवारी उजाडल्यावर बघितलं तर मधल्या ढिगापाशी धुळीत रेघा उमटल्या होत्या. सलग नाही, तिरप्या, सुट्या सुट्या, कुणी काठी टेकवत बाजूला सरकत गेल्यासारख्या. बाकी ढिगांपाशी पालींची बारीक पावलं आणि एका ठिकाणी एक सरळ, जाड, सलग रेघ. सगळं परत आलं होतं. म्हणजे गेलंच नव्हतं.

पण रेघ म्हणजे साप नव्हे, आणि मला या वेळी नुसत्या अंदाजावर बोलायचं नव्हतं. काय करावं कळेना. आकड्यानं उचकायला गेले तर तो पुन्हा आत जाणार. मग मनात आलं, जो पेशंट आपल्याला बघून काही बोलत नाही, त्याच्याशी आपण काय करतो? शेजारी बसतो. काही न विचारता, न हलता बसतो. हे काम मला चांगलं येतं. ते तुम्हालाही येत नसेल, वन्सं, रागावू नका. तुम्ही गप्प बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

म्हणून बुधवारी दवाखान्यातलं स्टूल नेलं आणि मधल्या ढिगापासून चांगलं लांब, ऊन माझ्या पाठीशी येईल पण सावली ढिगावर पडणार नाही असं ठेवलं. बूट घातले, मांडीवर हात ठेवले आणि बसले. मुकादमबाई माझ्या मागं फाटकाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागं सगळ्या बायका, कारण आज काय ते ठरणार होतं. ऊन आधी ढिगाच्या माथ्यावर आलं, मग एकेक थर खाली उतरलं. पाली आल्या. एक सापसुरळी आली, चकचकीत, तेल लावल्यासारखी. मला पाठीला रग लागली, पण पेशंटजवळ बसलं की पाठ विसरायची असते.

मग एका वाकड्या कौलाच्या कडेखाली माती जरा जाड झाल्यासारखी वाटली. आधी नव्हती. मी तिच्याकडेच बघत राहिले आणि तिला हळूहळू नक्षी आली. तपकिरी, त्यावर फिकट, नागमोडी. डोकं मोठं, मान बारीक. अर्धं अंग उन्हात, अर्धं फटीत. फुरसं होतं. चित्रात मी ते शंभरदा बघितलं होतं. कौलाच्या ज्या कडेला बोटं घालून बाई ते उचलील, नेमक्या त्या कडेखाली.

भीती वाटली का, तुम्ही विचाराल. ताप दिसला की वाटतं तसं वाटलं. आता निदान माहीत आहे काय आहे ते.

मी मागं न बघता एक हात वर केला. मागची सगळी कुजबुज थांबली. मग पावलं ऐकू आली, सावकाश, एकेक टेकवलेली. मुकादमबाई माझ्या खांद्यामागं येऊन उभ्या राहिल्या. त्याच, ज्या गेलं वर्षभर ढिगापासून लांब पळत होत्या. मी बोटानं दाखवलं नाही, नुसतं हनुवटीनं दाखवलं. त्यांना दिसेना. मी म्हटलं, थांबा. त्या थांबल्या. आणि मग त्यांना दिसलं, कारण त्यांचा श्वास मला कानाशी ऐकू आला.

बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, ‘एवढंसं?’

मी मान हलवली. वीतभरापेक्षा थोडं जास्त. बोटाएवढं जाड.

‘मी वर्षभर याला मनगटाएवढं पोसलं,’ त्या म्हणाल्या.

त्यानंतरचं थोडक्यात. वनखात्याच्या कार्यालयातून साप नेणारा माणूस आला. तो एकटा ढिगाशी गेला, आकड्यानं वरून थर मोकळे करत. त्या ढिगात दोन फुरशी निघाली. दुसऱ्यानं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा आवाज केला, तेव्हा हे साहेब असूनही चार पावलं मागं गेले. बायकांनी बघितलं, आणि आता बराच काळ बोलतील. दोन्ही झाकणाच्या डब्यातून माळाच्या पलीकडे गेली. सरळ जाड रेघ धामणीची होती. ती आपली आपण कुंपणाखालून निघून गेली, उंदीर संपले म्हणून नाराज झाली असेल.

कौलं उचलायची पद्धत आता बदलली आहे. कुणी हात घालत नाही. लोहाराकडून लांब दांड्याचे आकडे करून घेतले. पलीकडची कड आपल्याकडे, वरून खाली, आणि थर उघडा झाल्यावर जरा थांबायचं, मगच टोपलीत. काम दीडपट वेळ घेतं. यांनी हिशोब मांडायला सुरुवात केली होती, मग मुकादमबाईंच्या हाताकडे बघून कागद खिशात घातला. बेडकांच्या टाक्याकडे हात धुवायची बादली ठेवायला मी मनाई केली आहे. त्या चार ओळी मी फाडल्या नाहीत. त्या खऱ्या आहेत, फक्त लांब आहेत.

निम्मे ढीग उचलून झाले. एकाही बाईला ओरखडाही नाही. ज्या ढिगावर काम करायचं त्याच्यासमोर आदल्या सकाळी मी स्टुलावर बसते. काही दिसलं तर थांबतो आणि त्या माणसाला बोलावतो. नाही दिसलं तर तोंडानं सांगते की दिसलं नाही. ‘साप नाही’ असं आता मी म्हणत नाही, आणि बायकांनाही फरक कळतो. म्हणूनच त्या आकडा खाली ठेवत नाहीत.

काल संध्याकाळी मी दवाखाना बंद करत होते. मुकादमबाई दारात आल्या, आत येऊन कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि उजव्या हातानं काखेत मारलं. मी विचारलं, कुठं नेताय. त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, उद्या तुम्ही झोपा. उद्या मी बसते.’

तुमची
भावजय